बीटाची मात्रा चुकली त्याची हकिगत

नागपूर, गुरुवार, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप सौ. जनाबाईच्या पायांशी धाकट्या हेमराजचा दंडवत. इकडे आम्ही सगळे खुशाल, निदान तब्येतीने तरी. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला हटला का? उमरेडला थंडी अजून आहे की गेली? मोठ्या बहिणीला पत्रात ‘तुम्ही’ लिहायची रीत आहे आणि मी तसंच सुरू केलं होतं, पण दोन ओळी वाचून माझं मलाच वाटलं की हा माणूस काहीतरी करून बसलेला दिसतो. म्हणून तो कागद फाडला आणि ‘तू’वर आलो. (करून बसलोच आहे. ते पुढे येईल.)

फोन सोडून पत्र का, हे तुला ठाऊक आहे. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळपासून तू मला ब्लॉक केलं आहेस. मी खापरखेड्याला पॉवर हाउसमध्ये तीस वर्षं बटनांपुढे काढली, पण मला अजून ब्लॉक करता येत नाही आणि तुला येतं, याचा भाऊ म्हणून अभिमानच वाटला. तर सगळ्यात आधी, देवाशपथ सांगतो: आपल्या पोरीला, प्रणालीला, काहीही झालेलं नाही, बावीस तारखेला काहीही होणार नाही, आणि धरमपेठेतल्या गौरांगशी तिचा संबंध कामापुरता आहे. तू जे ऐकलंस ते मीच बोललो, हे खरं. पण जे बोललो ते मला म्हणायचं नव्हतं. आता रागावून कागद खाली ठेवू नकोस, पहिल्यापासून सांगतो.

प्रणाली नोकरी सोडून दोन वर्षांपासून जो खेळ बनवते आहे त्याचं नाव ‘धोटा’. गौरांग तिचा कॉलेजातला मित्र, आवाज आणि चित्रं त्याची, बाकी सगळं हिचं. खेळ फोनवर खेळायचा, पण एकट्याने नाही, इंटरनेटवर चौघांनी मिळून. पडद्यावर हातमाग असतो. एकाने आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडे फेकायचा, एकाने पायाखालच्या पावड्या दाबायच्या, एकाने धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरून द्यायच्या, आणि चौथ्याने तुटलेले धागे सांधायचे. चौघं चार गावांत असले तरी एकमेकांचा आवाज ऐकू येतो. लुगड्याचा काठ कोणाचा आधी पुरा होतो, याची दुसऱ्या मागाशी शर्यत. (ज्या कामातून बापाने मला हाकलून शाळेत घातलं, ते आता लोक हौसेने करणार. बाबा असते तर एवढंच विचारलं असतं की लुगडं कुठे आहे.) मेख अशी की चार जण जमल्याशिवाय हा माग हलतच नाही. कोणी नवा माणूस आला, त्याला तीन जागा रिकाम्या दिसल्या, की तो दोन मिनिटं वाट पाहतो आणि जातो. तो गेला म्हणून त्याच्या मागचाही जातो. खेळ कितीही चांगला असो, असा ओस पडला की संपला. बावीस फेब्रुवारीला, रविवारी दुपारी चारला, हा खेळ पहिल्यांदा सगळ्यांसाठी उघडायचा आहे. आणि बंगळूरच्या एका कंपनीने प्रणालीला नोकरीला बोलावलं आहे, तिकडे उत्तर सोमवारी द्यायचं आहे. मला म्हणाली, “बाबा, रविवारी माग चालले तं मी इथंच राहीन. नाही चालले तं जाईन, मंग मले थांबवू नका.”

आता माझा पहिला गुन्हा. गौरांग मागच्या वर्षाच्या सुरुवातीपासून सांगत होता की लोकांना आत्तापासून सांगायला लागा. खेळ अर्धा असतानाच दाखवायचा, दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा, वर्षभर. लोक अक्कल शिकवतील, शिकवू द्यायची. ज्याने अक्कल शिकवली तो आपलं ऐकलं की नाही हे बघायला परत येतोच. मला हे अजिबात पटलं नाही. आपल्या घरात मागावरचं लुगडं कधी कोणाला दाखवत होते का? गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी माय वर चादर टाकायची. कापून खाली उतरलं, घडी पडली, की मग दाखवायचं. एक तर नजर लागते, आणि दुसरं म्हणजे अर्ध्या कामात जो तो तोंड घालतो. (दुसरं कारण जास्त खरं.) धरमपेठेतल्या पोराला मागातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं आणि गप्प बसलो. त्याने पाचशे पत्रकं छापून माझ्याकडे दिली होती, कारण इथल्या महाल भागापासून खापरखेड्यापर्यंत माझ्या ओळखी. ती मी गाद्यांच्या पेटीत, खालच्या रजईखाली ठेवली. कोणी विचारलं पोरगी काय करते, की सांगायचो, बँकेच्या परीक्षेचं चालू आहे. डिसेंबरात थंडी वाढली, प्रणालीने रजई काढली, आणि गठ्ठा हाताला लागला. सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती.

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच पेटीवर बसली आणि म्हणाली, “बाबा, तुमाले माह्या खेळाची लाज वाटते काय?” जनाबाई, लाज नव्हती वं. भीती होती. एवढ्या हौसेने केलेलं काम, लोक बघतील आणि हसतील, आणि ते मला माझ्या डोळ्यांनी बघावं लागेल. पण हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, आता बघ, साऱ्या नागपूरला सांगतो. चुकलेला माणूस भरपाई करायला निघाला की त्याला कोणीतरी धरून ठेवायला पाहिजे. मला कोणी धरलं नाही.

सव्वीस जानेवारीला आमच्या वस्तीत झेंडावंदन झालं आणि जिलेबी वाटायच्या आधी मी माईक हातात घेतला. (जिलेबी मिळाली की कोणी थांबत नाही, एवढी प्रचाराची अक्कल मला होती.) गौरांगने चिठ्ठी लिहून दिली होती: ‘ओपन बीटा, २२ फेब्रुवारी’. बीटा म्हणजे खेळ पूर्ण व्हायच्या आधी लोकांना खेळून बघायला देतात तो कच्चा नमुना, हे मला आता पाठ झालं आहे. तेव्हा मला वाटलं, इंग्रजी शाळेत शिकलेला पोरगा, साधं ‘बेटा’ लिहिता येत नाही. लेकरासारखा जपला म्हणून ही दोघं खेळाला लाडाने बेटा म्हणत असतील. म्हणून मी खिशातलं पेन काढून त्याची वेलांटी खोडली, वर मात्रा दिली, आणि बोललो. जे बोललो ते तुझ्यापर्यंत पोचलंच आहे, पण तिखटमीठ लावून पोचलं असेल म्हणून मूळ लिहितो: “मंडळी, आनंदाची बातमी हाये. आपल्या प्रणालीचा बेटा बावीस तारखेले येऊन राहिला. दोन वर्स तिनं नि गौरांगनं कोनाले न सांगता मेहनत केली. आतावरी तो बंद होता, आता सगळ्यायसाठी ओपन हाये. तं सगळ्यायनं या, नि खेळा!”

(मूळच जास्त वाईट आहे, हे लिहिताना लक्षात आलं.)

 वस्तीतल्या एकट्या नत्थूने टाळ्या वाजवल्या, त्याला ऐकू कमी येतं. आणि नेमकी त्याच वेळी जिलेबी वाटायला घेतली, त्यामुळे ती झेंड्याची की बातमीची, हेही लोकांनी आपापलं ठरवून टाकलं. लग्न नाही, साक्षगंध नाही, आणि बाप माईकवर सांगतो! दुपारपर्यंत शेजारच्या कौसल्याबाई डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि प्रणालीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “घाबरू नको वं पोरी, आमी हाओ ना.” चार वाजता धरमपेठेहून ऑटो आला, त्यातून गौरांगची आई यमुताई उतरल्या. पाणी घेतलं नाही, बसल्या नाहीत. म्हणाल्या, “हेमराजराव, मुलं चुकली असतील तर आपण मार्ग काढू. पण माईकवर?” तोवर मला कळलंच नव्हतं की काय झालं आहे. तो अर्थ कळला तेव्हा मी लाडवांच्या डब्याला धरून उभा होतो एवढं आठवतं.

आणि प्रणाली हसली. हसता हसता खाली बसली, डोळ्यांतून पाणी आलं, पुन्हा माझ्याकडे बघून हसली. वर्षभरात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मग तिने यमुताई आणि अजून घरी न गेलेल्या कौसल्याबाई, दोघींच्या हातात एकेक फोन दिला आणि म्हणाली, “आता आल्याच हा तं बेटा पाहूनच जा.” चार जण लागतात, म्हणून तिने मलाही बसवलं. जनाबाई, दुधवाल्यालाही ‘आपण’ म्हणणाऱ्या यमुताई दहाव्या मिनिटाला ओरडत होत्या, “कौसल्याबाई, पावडी! अहो पावडी! झोपलात का?” जाताना लाडू खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी दोन मैत्रिणी घेऊन आल्या. तेव्हापासून रोज दुपारी दारात चपलांचा ढीग. बाया येतात प्रणालीचं पोट बघायला आणि बसतात मागावर. अर्धं काम बघून अक्कल शिकवतात: काठाचा रंग भडक करा, धोट्याचा आवाज वाढवा. प्रणाली एखादं ऐकते, आणि ती बाई पुढच्या दिवशी चार जणींना घेऊन येते, हा बदल माझा म्हणून. गौरांग येता-जाता त्या चपलांच्या ढिगाकडे आणि मग माझ्याकडे बघतो. त्या बघण्याचा अर्थ मला कळतो.

जोर चढला म्हणून मी पेटीतली ती पत्रकं घेऊन गांधीबागेत गेलो. तिथे दुर्गेशभाऊंचं साड्यांचं ठोक दुकान. मी म्हटलं ‘धोटा’ बाजारात आणतो आहोत. ते म्हणाले माल दाखवा. मी फोन पुढे केला. त्यांनी सवयीने पडदा अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला आणि म्हणाले, “सूत कोनतं हाये?” समजावता समजावता माझा घसा बसला. पण काउंटरवरच्या चार माणसांना समजवावं लागलं नाही. त्यांनी चार फोन काढले, आणि अर्धा तास कोणी साडीची घडी मोडली नाही. गिऱ्हाइकं मागे उभी राहून शिकवत होती. दुर्गेशभाऊ आधी रागावले, मग त्यांनाच खुर्ची पाहिजे झाली. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा चौघं येतो म्हणाले आहेत.

तर आज ही स्थिती आहे: एकसष्ट जणांनी रविवारी चारला येतो असं तोंडाने कबूल केलं. गौरांगचं म्हणणं, शंभर पाहिजेत, म्हणजे पंचवीस माग एका वेळी चालतील आणि बाहेरून येणाऱ्या अनोळखी माणसाला लगेच जागा सापडेल. अजून दहा दिवस आहेत. मला वाटतं होईल. पूर्वी असं वाटलं की मी लगेच विषय बदलायचो. आता बोलून टाकतो. होईल, जनाबाई. भाऊजींना नमस्कार, लहानांना गोड पापा. माझ्याकडून जे वेडंवाकडं झालं ते पोटात घाल. (पोटाचा उल्लेख चुकून झाला.)

तुझा धाकटा भाऊ,
हेमराज

ता. क. तुमच्या भजनी मंडळात अठ्ठावीस बाया आहेत आणि सगळ्यांकडे फोन आहेत, हे मला माहीत आहे. रविवारी चारला त्यांना बसवशील का? ज्यांचा टाळ चुकत नाही त्यांना पावडीवर बसव. लिंक भाऊजींच्या फोनवर पाठवतो, त्यांनी मला अजून ब्लॉक केलेलं नाही.

ता. क. २. कोणीही झबलं-टोपडं पाठवू नये, असं मंडळात सांग. आमच्याकडे अकरा जमली आहेत.

ता. क. ३. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. शंभराचं मी वर लिहिलं ते गौरांगचं गणित. काल संध्याकाळी मी प्रणालीला सरळ विचारलं की तुला स्वतःला किती पाहिजेत. ती म्हणाली, “एक माग तासभर कोनी न उठता चालला तरी मले पुरे.” अजून एकही चाललेला नाही. दुपारच्या बायाही पंधरा-वीस मिनिटांनी उठतात, आणि उठते ती नेहमी चौथ्या जागेवरची, धागे सांधणारी. यमुताईंनाही ते जमत नाही. दोन बोटांनी धागा धरून अंगठ्याने पीळ द्यायचा, तो असा का ठेवलास, सोपा कर, असं सगळे प्रणालीला सांगतात. ती ऐकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तुझ्याकडे यायची तेव्हा तुझ्या मागाजवळ बसून तुझी बोटं बघायची, ती तिने जशीच्या तशी त्यात घातली आहेत. मला हे काल कळलं. तेव्हा भजनी मंडळ आलं तर आनंद, नाही आलं तरी चालेल. चौथ्या जागेवर तू बस. धोटा प्रणालीकडे, कांड्या कौसल्याबाईंकडे, पावडीवर मी. धागा तुटलेला फक्त पावडीवरच्याला दिसतो, तेव्हा ओरडणार मीच. त्यावर चौथ्याने “सांधला” असं म्हणायचं असतं, त्याशिवाय माग पुढे जात नाही. राग हवा तेवढा ठेव, तासभर माझ्याशी दुसरं काही बोलू नकोस. तेवढा एक शब्द मात्र बोल.