न पाहिलेल्या झडतीवर सही

मंगळवार, संध्याकाळ

मालिकेतल्या इन्स्पेक्टरने लाथ मारून दार उघडलं आणि आमच्या हिने टाळ्या वाजवल्या. मला बघवेना. उठून सुपारीच्या वाडीत आलो.

मागच्या महिन्यात शेजारच्या हमीदभाईंच्या घराची झडती झाली, तेव्हा पंच म्हणून सही माझी. मी तर रस्त्यावरच उभा होतो. "वाचताय काय? करा सही," हवालदार म्हणाला. केली. मालिकेत पंचाला कोण विचारतं? कागदात होतं, पलंगाखाली चोरीचे दागिने पंचांसमोर सापडले. पंचांसमोर! हमीदभाई अजून तुरुंगात.

आज मासळीबाजारात त्यांची बायको भेटली. "भाऊ, तुम्ही आमच्या घरात आलात कधी?" एवढंच विचारलं तिने.

आलोच नव्हतो, हे सांगायचं होतं. मी मान वळवून कोळणीला विचारलं, "कोलंबी कशी दिली?"