जिनिंगची जळकी भिंत

प्रिय दादा,

मालेगावच्या आपल्या जुन्या कापसाच्या जिनिंगचं वाचनालय करून राह्यले. आग लागून बंद पडलेलं ते, तीस वर्षांनी उघडलं. बाबा तिथं चौकीदार होते. आग त्यांच्याच बिडीनं लागली, असं सारं गाव म्हणे. तूही म्हणला. पुण्याले गेला, तो बाबाच्या मातीलेही आला नाही.

काल रहीमभाई वायरमननं मले बोलावलं. भिंतीचा गिलावा काढला, तं आतल्या वायरीचा कोळसा झालेला.

"बाई, वायरीत शॉर्टसर्किट झालं, आग इथून लागली. तुमच्या बाबाचा काही कसूर नव्हता."

मी तिथंच विटांवर बसून रडली. तू सोडून गेला म्हणून लोक तुले नावं ठेवत, तं बाबा जाईपर्यंत एकच म्हणत, "माह्या पोराले कोणी बोल लावू नका."

हे पत्रात वाचशीन, तं तिथं एकटाच मोडून पडशीन. म्हणून धाडत नाही. फोनवर "एकदा घरी ये" एवढंच म्हणीन. मंग तुहा हात धरून भिंतीपाशी नेईन.

रहीमभाई आजच नव्या वायरी टाकून भिंत बुजवणार होते. मी म्हटलं, "आठ दिवस थांबा. माहा भाऊ येऊन राह्यला."

तुही लहानी,
वच्छला