'आमची काय शाश्वती' या वाक्याच्या दुरुस्तीबाबत

प्रति,
मा. शाश्वतता मूल्यांकन अधिकारी,
परिसर विकास आराखडा कक्ष,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्याने जिन्याने)

विषय : गाळा क्र. ७, मोटार वायंडिंग व पंखे दुरुस्ती, यास 'अशाश्वत' ठरविण्यास कारण झालेले एक वाक्य दुरुस्त करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) गाळा रिकामा करण्याची आपली नोटीस.
२) आपला 'शाश्वत परिसर' अहवाल, पृष्ठे दोनशे चौदा, गुळगुळीत कागद.
३) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून, जिना चढून आलेली मी, सविनय कळविते की :

१. सदर गाळ्यात माझे सासरे एकेचाळीस वर्षे, आणि त्यांच्या हाताखाली शिकून मी सोळा वर्षे, जळालेल्या मोटारी पुन्हा भरतो. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, लोक जे फेकून द्यायला निघालेले असतात ते आम्ही उघडतो, जळकी तार काढतो, नव्या तारेचे वेढे मोजून घालतो आणि वस्तू घरी परत पाठवतो. आपल्या अहवालात यास 'वस्तूंचे आयुर्मान वाढविणे' असे म्हटले असून त्यावर अकरा पाने खर्ची घातली आहेत. आम्हाला हा शब्द माहीत नव्हता, त्यामुळे आम्ही नुसतेच काम करत बसलो.

२. आपल्या सर्वेक्षक ताई सकाळी अकराच्या सुमारास आल्या. बोलायला चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी पंधरा प्रश्न विचारले. चौदावा प्रश्न असा होता की, हे दुकान पुढे किती वर्षे चालेल? माझे सासरे तेव्हा वेढे मोजत होते आणि मोजताना ते बोलत नाहीत. मोजणी संपल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "आमची काय शाश्वती, बाई?"

महोदय, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला पुढचे विचारले की तो हेच म्हणतो. त्यात थोडी नम्रता असते, थोडी थट्टा असते, आणि आता बसा, चहा घ्या, असेही असते. ताईंच्या हातातल्या यंत्रात मात्र 'शाश्वत' आणि 'अशाश्वत' असे दोनच चौकोन होते. अहवालाच्या सत्त्याण्णवाव्या पानावर नोंद आहे ती अशी : 'शाश्वती नसल्याचे चालकाने स्वतः मान्य केले. शेरा : अशाश्वत.' अशा प्रकारे माझ्या सासऱ्यांचे वय गाळ्याच्या नावावर चढविण्यात आले.

३. शेजारच्या गाळ्यांचेही याच पद्धतीने भले झाले. शिंपीकाका म्हणाले, वरच्याची कृपा आहे तोवर चालेल. त्यांच्यापुढे 'बाह्य साहाय्यावर अवलंबून' असा शेरा आहे. हे साहाय्य कोणत्या खात्याकडून मिळते याचा तपशील सादर करावा, असे पत्रही त्यांना आले आहे आणि काका ते पत्र घेऊन सगळ्यांना विचारत फिरतात. गाळा क्र. ३ मधल्या भेटवस्तूवाल्याने मात्र छातीठोकपणे 'कायमचं' असे सांगितले. त्यास हिरवा शेरा मिळाला. दोन महिन्यांत तो कुलूप लावून निघून गेला. आपण त्यास पाठविलेले अभिनंदनपत्र दाराच्या फटीत अडकलेले आहे, ते कृपया परत न्यावे.

४. आमचे सहा गाळे पाडून (हिरवा शेरा असलेला बंद गाळा तसाच ठेवून) तेथे 'पुनर्वापर प्रेरणा केंद्र' उभे राहणार असल्याचे समजले. आराखड्यानुसार केंद्रास काचेच्या भिंती असून त्या काचांमुळे होणाऱ्या उकाड्यासाठी चार वातानुकूलन यंत्रे आहेत. आत एका मोठ्या पडद्यावर पंखा कसा दुरुस्त करावा याची चित्रफीत दिवसभर दाखविली जाईल. पाहणाऱ्याच्या घरचा पंखा बिघडला असल्यास त्याने तो कोठे न्यावा, याची तरतूद आराखड्यात मला आढळली नाही. मी दोनदा शोधली. वर्षातून एकदा या केंद्रात येऊन विनामोबदला प्रात्यक्षिक देण्याचे निमंत्रण मात्र मला नोटिशीच्याच पाकिटात मिळाले. टपालाची बचत केल्याबद्दल आभार.

५. अहवालाच्या मुखपृष्ठाविषयी लिहिणार नव्हते, पण लिहिते. मुखपृष्ठावर दोन म्हाताऱ्या हातांचे छायाचित्र असून त्यांत तांब्याची तार आहे आणि खाली 'शाश्वततेचा स्पर्श' असे छापले आहे. डाव्या अंगठ्याचे नख अर्धे नाही. ते हात माझ्या सासऱ्यांचे आहेत. पहिल्या पानावर जे शाश्वत आहे ते सत्त्याण्णवाव्या पानापर्यंत अशाश्वत कसे झाले, हे आपल्या कक्षातील कोणीही सांगू शकले नाही. मुखपृष्ठाचा विभाग वेगळा आहे, एवढेच समजले.

६. आता मूळ तक्रार. सासऱ्यांना ते पान मी वाचून दाखवायला नको होते, ती माझी चूक. तेव्हापासून स्वतःच्या एका वाक्याने सहा घरांचा धंदा गेला असे त्यांनी मनाला लावून घेतले आहे. शिंपीकाका समोरून आले की ते मान खाली घालतात. डॉक्टरांनी कसे वाटते विचारले तर म्हणतात, ठणठणीत, असेच लिहून घ्या. चहा घेणार का म्हटले तरी आधी विचार करतात. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला ते स्वतःच्या अक्षरात एक वर्षाच्या हमीची चिठ्ठी बांधत असत. नोटीस आल्यापासून त्यांनी एकही चिठ्ठी लिहिली नाही. दुकानाचीच हमी नाही तर आपण कोणत्या तोंडाने लिहायचे, असे ते म्हणतात. महोदय, मला या गोष्टीचा फार राग आहे आणि तो शासकीय भाषेत कसा लिहितात हे मला येत नाही.

७. सबब विनंती की, चौदावा प्रश्न माझ्या सासऱ्यांना पुन्हा, आणि आपण स्वतः येऊन विचारावा. त्यांचे सुधारित उत्तर मी लिहून घेतले आहे. ते म्हणाले, "तिनं दुकानाचं विचारलं, मी माझं सांगितलं. दुकानाचं विचारायचं तर सुनेला विचारा." मला विचारल्यास माझे उत्तर 'चालेल' असे आहे. त्यासाठी चौकोन नसल्यास शेजारी कोरी जागा आहे, तेथे लिहावे.

८. जाता जाता, आपल्या शिपायाने मागील महिन्यात एक टेबल पंखा आणून दिला होता. बुडाशी रंगाने 'शाश्वतता कक्ष' असे लिहिलेले आहे. आमच्याकडे तो आता तिसऱ्यांदा आला असून, अहवाल लिहिताना आपणांस याच पंख्याचा वारा मिळाला असावा. कॉइल जळली होती. पंखा तसाच परत पाठवावा असे मी म्हटले. सासऱ्यांनी ऐकले नाही. दोन दिवस बसून त्यांनी ती भरली आणि काल संध्याकाळी माझ्याकडे कागद मागितला. चिठ्ठी पंख्याला बांधलेली आहे, ती सोडण्यापूर्वी वाचावी.

आपली,
अजून याच पत्त्यावर असलेली,

(सही)
गाळा क्र. ७ ची वायंडिंगवाली

दिनांक : नोटिशीचा एकोणिसावा दिवस. मुदत तिसाव्या दिवशी संपते.

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) मुखपृष्ठ व पृष्ठ सत्त्याण्णव, एकत्र टाचून.
३) आपला पंखा, चालू स्थितीत. त्यासोबत सासऱ्यांच्या अक्षरातील चिठ्ठी : 'हमी एक वर्ष. बिघडल्यास गाळा क्र. ७ येथे आणावा.'