मूल कोणाकडे देऊ नये

नारपोली, भिवंडी
ता. ९ जानेवारी २०२५, गुरुवार

चि. मिथुन यास आईचा जयभीम.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. समोर दौलतच्या कापडाच्या कारखान्यात चार लूम बंद पडलेत, त्यामुळे गल्लीत माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलंय. ऐकण्यासारखं काही नसतं. माझ्या नातीचा, धम्मदिनाचा खोकला गेला का? माझ्याकडे असायची तेव्हा थंडी होती, बाधली तिला.

पत्र लिहिते, कारण फोन केला की तू गाडीवर असतोस, नंतर करतो म्हणतोस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तू म्हणालास, आई, पाळणाघर तूच निवड, तुझ्यासारखी पारख आमच्यात नाही. तीन जागांची नावंही दिलीस. मी हरखले. बासष्टाव्या वर्षी पोराने पारख आहे म्हटलं की बाई हरखते. चार दिवस पार वळ गावापर्यंत रिक्षाने हेलपाटे घातले.

पहिली जागा तुमच्या बिल्डिंगमागची. अकरा पोरं टीव्हीसमोर आणि बाई फोनमध्ये. मी आत जाऊन एकाचं नाक पुसून बाहेर आले, तिला पत्ता नाही. दुसरी, भिंतीवर बदकं काढलेली. तिथली मुलगी मला विचारते, "आजी, बेबीचं रुटीन काय आहे?" मी म्हटलं, खाते, हगते, झोपते, तुझं वेगळं आहे का?

तिसरी कमळाबाईची. न सांगता भर दुपारी गेले. पाच मुलं, फरशी कोरडी, बाईची नखं कापलेली. गादी उचलून बघितली, खाली स्वच्छ. एक पोर रडायला लागलं तशी ती भांडी टाकून उठली, आधी हात पुसले, मग त्याला घेतलं. हात पुसले ते मला आवडलं.

मंगळवारी नक्की करायला गेले. पोरीचं नाव सांगितलं. कमळाबाई म्हणाली, "धम्मदिना रोकडे? तिचं नाव तं पंधरा दिस झालं लिवलेलं हाय. बाप येऊन गेला तिचा." तिने फाईल काढली, वाचली, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटायला लागली.

"दाखवा," मी म्हटलं. "चौथी शिकलेय."

फॉर्मवर लिहिलेलं, मूल कोणाकडे द्यावे: मिथुन, स्नेहल, स्नेहलची आई. त्याच्या खाली, मूल कोणाकडे देऊ नये: शेवंता वाल्मीक रोकडे, आजी.

"सुना असतात अशा. मनाला लावून घेऊ नका, पानी घ्या," कमळाबाई म्हणाली.

मी म्हटलं, "अक्षर सुनेचं नाही."

कारखान्यात कांडीवर सूत भरता भरता तुझ्या पाटीवर नजर ठेवून मी माझं राहिलेलं शिकले. तुझं अक्षर मला कळणार नाही? पाळणाघराचं खूळ स्नेहलचं म्हणून मी तिला मनात शिव्या घालत होते. त्या परत घेते. तिला हे सांगू नकोस.

आता खोकल्याचं. वर थंडी लिहिलं ते खोटं. दवाखान्याच्या जिन्यात तुला एकट्याला सांगितलं, की एकदा दौलतच्या कारखान्यात नेली होती. तेही अर्धंच. महिनाभर रोज नेत होते. घरात डोळा लागायचा नाही तिचा. कांडी मशीनजवळ झोळी बांधली की लूमच्या खडखडाटात दोन मिनिटांत गप्प. तूही तसाच झोपायचास. लाईट गेली, लूम थांबले की गल्लीतली सगळी पोरं एकदम उठून रडायची. आम्हाला झोपवायची तीच रीत माहीत.

पण संध्याकाळी तू न्यायला यायच्या आत मी तिच्या केसांतला कापूस वेचून टाकायचे. म्हणजे मला कळत होतं. तुझ्या बापाच्या छातीत काय साठलं होतं, ते विसरण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही.

जिन्यात तू म्हणालास, राहू दे आई, स्नेहलला नको सांगू, आपल्या दोघांत राहील. मी तुझा हात धरून खाली उतरले.

तोंडावर म्हणायचं होतंस, पोर तुझ्याकडे देणार नाही. मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते, मग गप्प बसले असते. तू मला पारखी म्हणून दारोदार फिरवलंस, आणि तिथे माझं नाव आधीच चोरासारखं लिहून ठेवलंस. लिहिलंस ते बरोबर केलंस. फिरवलंस ते नाही.

तिची गोधडी कमळाबाईकडे ठेवली आहे. दोनदा धुतली, झटकून बघ, कापसाचा कण नाही. हे पत्र त्यातच आहे. पोरगी शांततेत झोपत नाही, हे तुमच्या कागदावर कुठे लिहिलेलं नव्हतं. कमळाबाईकडे पायाचं शिलाई मशीन आहे. दुपारी तेवढं चालवा म्हणून सांगितलंय, रिकामं का होईना.

खाली तुझी आई असं लिहायला घेतलं होतं. पण कमळाबाईने तुझा फॉर्म आणि हे पत्र जुळवून बघितलं तर दोन्हीकडे एकच नाव असावं.

शेवंता वाल्मीक रोकडे, आजी