दहापैकी शून्य

गिरीज, वसई
१९ मार्च २००३

आदरणीय फादर युजीन यांस,

वहिनीचा नमस्कार. तुमची साखर आटोक्यात असेल आणि मिशनघरची स्वयंपाकीण लोणचं लपवून ठेवत असेल, अशी आशा. (इथवर आदर झाला. तुला अर्ध्या चड्डीत पाहिलंय, पुढे ‘तू’च म्हणते.)

तुझ्या भावाचं पित्ताशय सोमवारी काढलं. डॉक्टर खूश आहेत, मी मात्र धसका घेऊन बसलेय. पोटावर वीतभर चीर, आणि निकोलस दुखण्याची गोळी घेत नाही! उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी तू प्रवचनात ‘आपल्या यातना प्रभूला अर्पण करा’ म्हणालास ना? एरवी पुढच्या बाकावर पेंगणाऱ्या माणसाने नेमकं तेवढंच ऐकलं. दरवर्षी उपवासकाळात हा काय सोडतो? दुधी. (जो हा बाराही महिने ताटाबाहेर काढतो.) यंदा दारू सोडली, ती तिसऱ्याच दिवशी शेजारच्या केनीच्या साखरपुड्यात पुन्हा धरली. त्याची भरपाई आता पोटावरच्या टाक्यांतून चाललीय.

दवाखान्यातली नर्स, फुलपाड्याहून येणारी सिस्टर क्षितिजा, गुणाची पोरगी. दर चार तासांनी विचारते, “आजोबा, दहापैकी किती दुखतंय?” हा दात आवळून म्हणतो, “शून्य.” कपाळावर घाम, मुठीत चादर, आणि शून्य! शाळेत मी पस्तीस वर्षं पेपर तपासले, असं धडधडीत चुकीचं उत्तर पाहिलं नाही. मी म्हटलं, “सिस्टर, नऊ लिही.” ती म्हणाली, “आजी, दुखणं ज्याचं त्यानेच सांगायचं. मला दिसतंय हो, पण गोळी तोंडात कोंबता येत नाही. दुखणं चढायच्या आधी घेतली तर खोकतील, चालतील. नाहीतर कफ छातीत साठेल.” काल दिवसभर तो खोकलाच नाही. श्वाससुद्धा उसना आणल्यासारखा घेतो. आज पहाटे ताप भरला. युजीन, मला भीती वाटते.

तुझी,
क्लारा वहिनी

ता. क. कॅरल हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभी असेल. लेकीला बसवून सरबत पाजू नकोस, चिठ्ठी दे: गोळी घेतल्याने नेम मोडत नाही. खाली चर्चचा शिक्का मार. बायकोचं ऐकत नाही, शिक्क्याचं ऐकेल.

ता. क. २. चिठ्ठीवर कालची तारीख घाल. वरचं लिहून झाल्यावर, तुझी परवानगी आली आहे असं मी सकाळीच सांगून टाकलं, तेव्हा कुठे सिस्टरच्या हातून पहिली गोळी गिळली. अर्ध्या तासाने कबूल केलं, “सहा.” मग उशी पोटाशी धरून खोकला. एवढा सुंदर खोकला मी जन्मात ऐकला नाही. आता दुसऱ्या गोळीआधी चिठ्ठी वाचायची म्हणतो. चष्मा लावून बसलाय.