शिंपल्यांच्या रेघेच्या आत

बेट, रुवैससमोर
दि. १२ नोव्हेंबर २०००

ती. सौ. छायाताईस,
समुद्राच्या अलीकडून दत्तारामाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र आणि चकल्यांचा डबा परवाच्या बोटीने पोचला. चकल्यांचा पार चुरा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला. फोन का करत नाहीस म्हणून रागावली आहेस. ताई, बेटावर फोन एकच, आणि तो सोमनाथच्या टेबलावर. तुझ्या दिराबद्दल मला जे बोलायचं असतं ते त्याच्याच पुढ्यात उभं राहून कसं बोलू? म्हणून पत्रच बरं.

पाहुण्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. रुवैसहून बोट येते, वीस-पंचवीस माणसं उतरतात, आणि त्यांना पायी हिंडवून हरणं, रोहित पक्षी, मासे मारणाऱ्या मोठ्या घारी दाखवायच्या. सात वर्षं हे काम मी केलं. वाट मी पाडली. दर चाळीस पावलांवर तीन दगड एकावर एक रचले, आणि घारीच्या घरट्याच्या शंभर पावलं अलीकडे शिंपल्यांची रेघ घातली. रेघेपुढे कुणी जायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. आता पुढे सोमनाथ चालतो, गळ्यात दुर्बीण घालून, आणि मी टँकरवर बसून झाडांना पाणी घालतो. परवा त्याने बगळ्याला रोहित म्हणून सांगितलं. लोकांनी फोटो काढले. मी पाइप धरून ऐकत होतो.

तुला सगळं ठाऊक आहे, पण लिहिल्याशिवाय माझं डोकं शांत होत नाही. ईशानीच्या बोरन्हाणाला मामा हवाच असा तुझा हट्ट, आणि मला बेट सोडायचा पास मिळेना. सोमनाथच म्हणाला की तू खुशाल जा, शुक्रवारची तुझी सही मी करतो, फेरीही मीच नेतो, घरचीच तर गोष्ट आहे. मी त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी होते. शनिवारी परतलो तर घरटं तुडवलेलं. तिन्ही अंडी गेलेली. हा बहाद्दर पाहुण्यांना रेघेच्या आत घेऊन गेला होता. घार उडाली ती तासभर परतली नाही. एक अंडं पायाखाली फुटलं, दोन सीगल पक्ष्यांनी नेली. आणि रिपोर्टात काय, तर फेरी दत्तारामने नेली, हजेरीवर सही आहे. खरं सांगावं तर पासाशिवाय बेट सोडलं म्हणून माझा व्हिसाच रद्द. न केलेला गुन्हा मी मान खाली घालून कबूल केला, ताई. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता ऐक. २६ जानेवारीला अल ऐनची पक्षी बघणारी मंडळी येणार आहेत, सोबत आमचे मोठे साहेब, ते सुदानी डॉक्टर. सोमनाथला वाट येत नाही. तो फक्त माझे दगड बघत चालतो. मी चार ढीग हलवणार आहे. इथे सब्खा म्हणून जमीन असते, आपल्या खाजणासारखीच, वरून मिठाचा पापुद्रा आणि खाली मांडीभर चिखल. तीस माणसांसमोर आणि डॉक्टरसाहेबांसमोर त्याला त्यात उभा करतो की नाही बघ. सदानंदरावांना यातलं काही सांगू नकोस, नवरा तुझा असला तरी भाऊ त्याचाच.

ईशानीला मामाचा पापा. तुझा लोभ आहे म्हणून इथे टिकलोय, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
दत्ताराम


करामा, दुबई
दि. २४ नोव्हेंबर २०००

चि. दत्ताराम यास,
छायाताईचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सुखरूप, तुझी काळजी सोडून.

पत्र वाचलं आणि पिठाच्या डब्यात लपवलं. ह्यांना सांगत नाही, पण मला सांगतोस ते कशाला मवाळपणे? चिखल काय, आंघोळ केली की गेला. मला त्याची अशी जिरलेली हवी आहे की जन्मभर धुऊन निघू नये. मी बोरन्हाणाचा हट्ट केला नसता तर तू आज टँकरवर नसतास, हे मला रोज टोचतं. बेटावरची बोरं रुमालात बांधून आणली होतीस तू. त्या पोरीच्या डोक्यावर ती ओतताना मला काय कल्पना, की तिकडे त्याच दिवशी तुझ्या गळ्याला फास लागतोय.

त्यात आणखी ऐक. दिवाळीत सोमनाथ आला तो फ्रेम घेऊन. त्या घरट्याचा फोटो, तीन अंडी, डाग डाग असलेली. म्हणाला, अंडी फुटायच्या आदल्या आठवड्यात लांबून मोठ्या लेन्सने काढला, डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. इथल्याच मुश्ताक फ्रेमवाल्याकडून भारी फ्रेम करून आणली. ह्यांना भावाचं कौतुक, लगेच खिळा मारून टीव्हीच्या वर लावली. आता रोज जेवताना ती अंडी माझ्याकडे बघतात. घास उतरत नाही.

माझ्या परीने मी सुरुवात केली आहे. त्याच्या चहात साखर घालणं बंद केलं. तीन वेळा आला, तिन्ही वेळा फिक्काच संपवला. पूर्वी तोंड भरून भावोजी म्हणायचे, आता अहो-जाहोवर काम भागवते. दगड हलव तू, खुशाल हलव. पण स्वतः पकडला जाऊ नकोस, नाहीतर आधी तुझेच कान उपटीन.

रमजान लागतोय, टँकरवर दिवसा चारचौघांत पाणी पिऊ नकोस. माया आहे ती आहेच, ती लिहून काय दाखवायची.

तुझी,
ताई


बेट
दि. १० डिसेंबर २०००

सौ. छायावहिनीस,
सोमनाथचा सा. न. दादासही नमस्कार सांगणे.

इकडे सगळं एकदम फर्स्ट क्लास. माझं काम बघून साहेब खूश आहेत. २६ जानेवारीच्या ग्रुपनंतर मला बेटाचा हेड गाईड करायचं चाललं आहे, इन्शाल्ला होईलच. त्या वेळी साहेबांना भेट म्हणून घरट्याचा तोच फोटो द्यावा म्हणतो, मी मुश्ताककडून दुसरा करून घेईन. तुमच्याकडचा तेवढा सांभाळा. काच वरूनच पुसत जा, फ्रेम उघडू नका, आतलं पुठ्ठ्याचं कटिंग बिघडतं.

दत्ताराम हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. तुमचा भाऊ म्हणून सांगतो, त्याला समजवा. मी मध्ये पडलो म्हणून त्याची नोकरी टिकली, हे त्याने लक्षात ठेवायला हवं. उपकाराची जाण नको का माणसाला? मागच्या वेळी चहा जरा फिका झाला होता, तुमची तब्येत बरी आहे ना?

दादाचं आणि तुमचं प्रेम आहे, तेच मोठं.

आपला,
सोमनाथ


करामा, दुबई
दि. २ जानेवारी २००१

चि. दत्ताराम यास,
ताईचे आशीर्वाद, आणि हे पत्र बसून वाच.

सोमनाथचं पत्र सोबत जोडलं आहे. उपकाराची जाण, असं लिहिलंय त्याने. ते वाचलं आणि मी स्टुलावर चढून फ्रेम काढली. ह्यांना मी सांगितलं की फ्रेम पडली. तुला खरं सांगते, पडली नाही, मी पाडली. काचेचा भुगा झाला. तो गोळा करताना फोटो पुठ्ठ्यातून सुटून बाहेर आला आणि पुठ्ठ्याखाली झाकलेली खालची दोन बोटं पट्टी दिसली.

त्या पट्टीत केशरी आकड्यांत तारीख आहे, कॅमेऱ्यात आपोआप उमटते ना, तशी. २१ जानेवारी २०००. आणि अंड्यापासून वीतभर अंतरावर बुटाचं टोक. तपकिरी, पुढे दोन टाके उसवलेले. ते बूट आम्ही त्याला घेऊन दिलेले, मी ते कुठेही ओळखीन. म्हणजे लांबून मोठ्या लेन्सने वगैरे काही नाही. त्याच शुक्रवारी, रेघेच्या आत, घरट्याच्या उरावर उभा राहून काढलाय.

मग मी बोरन्हाणाचा अल्बम काढला. ईशानी हलव्याच्या दागिन्यांत, तुझ्या मांडीवर, तुझ्या हातात तो बोरांचा रुमाल, मागे आमचा पडदा. खाली तीच तारीख. दोन्ही फोटो मी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि दत्ताराम, मला इतका आनंद झाला की माझी मलाच भीती वाटली.

तेवढ्यात हे घरात आले. लपवायला वेळ मिळाला नाही. फ्रेम पाडल्याचं सोडून सगळं सांगितलं. खूप वेळ बूट बघत बसले, मग म्हणाले की तो माझा सख्खा भाऊ आहे. मी म्हटलं, आणि हा माझा. रात्री जेवले नाहीत. सकाळी पाकीट त्यांनीच आणून दिलं.

दोन्ही फोटो पाठवते आहे. माझ्या हातात असतं तर मी ते थेट डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर आपटले असते. पण सोमनाथचा फोटो एकटा पुरणार नाही, तो म्हणेल मी दत्तारामच्या मागून गेलो होतो. तू बेटावर नव्हतासच, हे माझाच फोटो सांगतो, आणि तोच दाखवला की तुझं पासाशिवाय जाणं उघडं पडतं. मान तुझी आहे, म्हणून निवाडाही तुझा. चिखलावर भागवायचं असलं तर भागव. मी तुला भित्रा म्हणणार नाही, निदान पत्रात तरी.

आशीर्वाद वर लिहिलेच आहेत, हे जादाचे.

ताई


बेट
दि. २८ जानेवारी २००१

ती. सौ. ताईस,
दत्तारामाचा शि. सा. न., यापुढे या पत्त्यावर पत्र घालू नकोस.

बुधवारी मी दगड हलवले. चार ढीग. मजा आली हे कबूल करतो. गुरुवारी सकाळी टँकर घेऊन सब्ख्याच्या पलीकडे गेलो तर समोरच्या कोरड्या उंचवट्यावर काटक्यांचा नवा ढीग, आणि त्यावर घार बसलेली. तीच जोडी. मादीच्या डाव्या पंखातलं एक पीस तुटकं आहे, त्यावरून मी ओळखतो. गेल्या वर्षी घर मोडलं म्हणून बिचाऱ्यांनी जागाच बदलली. आणि चिखलात फसलेला माणूस बाहेर पडायला कुठे धावणार? तोच उंचवटा, दुसरी कोरडी जागाच नाही. तीस माणसं त्या घरट्यावर चढली असती, आणि या वेळी खरोखर माझ्यामुळे.

दुपारपर्यंत मी चारही ढीग परत जागेवर रचले. खूप शिव्या दिल्या, सोमनाथला आणि मलाही. मग खोलीवर जाऊन अंग धुतलं, धुवट शर्ट घातला आणि तुझं पाकीट घेऊन डॉक्टरसाहेबांकडे गेलो. तिथे सोमनाथ भेटीची फ्रेम घेऊनच बसला होता. बरंच झालं. मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले आणि मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्लिशमध्ये म्हटलं की या दिवशी मी बेटावर नव्हतो, दुबईत होतो, पास नव्हता, आणि माझी सही यानेच केली. त्याच्या फ्रेमचा पुठ्ठाही मीच उचकटला. साहेबांनी बूट बघितला, मग टेबलाखाली वाकून सोमनाथच्या पायाकडे बघितलं. ताई, तो तेच बूट घालून आला होता.

साहेब ओरडले नाहीत. दोघांनाही म्हणाले, खलास. त्याने खोटी सही केली, मी बेट सोडलं, दोघांचेही व्हिसा रद्द. मी मान हलवली. सोमनाथ रडायला लागला. मला त्याची दया यायला हवी होती, पण आली नाही.

पण पाहुणे तर दुसऱ्या दिवशी यायचे होते आणि वाट कुणालाच ठाऊक नाही. साहेबांनी विचार करून सांगितलं की उद्याची फेरी दत्ताराम नेईल आणि सोमनाथ सगळ्यांच्या मागून पाण्याची खोकी उचलून चालेल. मी संध्याकाळी उजेड असेतो नव्या घरट्याला शिंपल्यांची नवी रेघ घातली.

शुक्रवारी मी पुढे, मागे एका रांगेत तीस माणसं, शेवटी तो. हरणं पाहिली, तिवरांतले रोहित पाहिले, आणि रेघेपाशी मी हात वर केला तसे सगळे खाली बसले. नर मासा घेऊन आला, तो मादीने घेतला, उठली तेव्हा तीन अंडी दुर्बिणीतून दिसली. अल ऐनच्या एक बाई रडल्या. सोमनाथलाही बघायचं होतं. तो खोकं ठेवून पुढे आला आणि त्याचा पाय रेघेवर पडणार तेवढ्यात मी सर्वांसमोर त्याच्या छातीवर पंजा ठेवला आणि सांगितलं की इथून पुढे जायचं नाही. तो मागे सरकला. डॉक्टरसाहेब बघत होते. एवढ्यासाठी आठ वर्षांची नोकरी गेली म्हणशील, तर हो, एवढ्यासाठीच.

अल ऐनच्या बाईंनी माझा गावचा पत्ता लिहून घेतला. त्याचं काही होईलसं मी धरून चाललो नाही. बुधवारी करामाला येतो, तिथून विमान. फोटो परत मिळाले आहेत, ते तुझे तुला देतो. सदानंदरावांसमोर कसा उभा राहू ते तेवढं सांग.

लोभ आता तोंडानेच मागेन.

दत्ताराम


करामा, दुबई
दि. २५ फेब्रुवारी २००१

चि. दत्ताराम यास, मु. वेंगुर्ला,
ताईचे आशीर्वाद. पोचल्याचं पत्र मिळालं, जिवात जीव आला.

तू गेलास आणि चौथ्या दिवशी सोमनाथ बॅग घेऊन दारात उभा. व्हिसाची मुदत संपेपर्यंत दुसरीकडे काम शोधतोय, तोवर मुक्काम आमच्याच हॉलमध्ये. मी दार अडवून उभी राहणार होते, पण ह्यांनी बाजूला व्हायला सांगितलं. मी मनातून पेटले. मग हे बाहेर गेले आणि तासाभराने मुश्ताककडून तीच फ्रेम नवी काच घालून घेऊन आले.

आत दोन्ही फोटो आहेत, शेजारी शेजारी. तू आणि ईशानी, आणि ती अंडी. खालची पट्टी मुश्ताककडून मोकळी ठेवून घेतली, दोन्ही तारखा दिसतात, बूटही दिसतो. ह्यांनी स्वतः खिळा ठोकला. भावाला एका शब्दाने बोलले नाहीत.

मीही बोलत नाही. त्याला गरम पोळ्या वाढते, भाजीही दोनदा वाढते, चहात आता साखरही घालते. फक्त त्याचं ताट त्या भिंतीसमोर मांडते, दोन्ही वेळा. काल त्याने ताट उचलून दुसऱ्या बाजूला नेलं. ह्यांनी उठून ते होतं तिथे परत ठेवलं, आणि तो जेवायला बसला.

अल ऐनहून काही आलं की लगेच कळव. तुझ्यावरचा जीव कमी व्हायचा नाही, इतकं धरून चाल.

तुझी,
ताई