उशाशी घंटा

लाडके हेटी,

तू देवाघरी, त्यामुळे हे टपालात पडणार नाही. आपण दोघी बहिणी जिथं मोलकरणी होतो, तो हॅझलबी हॉल लढाईत इस्पितळ झाला, मग मुलींची शाळा. आता वृद्धाश्रम आहे, आणि मी राहते मालकीणबाईंच्या दिवाणखान्यात! उशाशी मदतनिसांना बोलवायची घंटासुद्धा आहे. वाजवायला हात धजत नाही.

शेजारच्या खोलीत मालकांची लेक, लव्हिनिया. काल ओरडली, "डोरीन, चहा आण!"

पाय निघालेच होते गं. पण म्हटलं, "तुमच्याही उशाशी घंटा आहे, बाईसाहेब. वाजवा, नाहीतर स्वतः उठा."

बऱ्याच वेळानं ती काठी टेकत आली. हातात माझ्यासाठी कप, अर्धा चहा बशीत.

"साखर किती, डोरीन?"

तिची दोन चमचे, मला अजून पाठ आहे. माझी तिनं जन्मात पहिल्यांदा विचारली.

तुझी,
बशीतला चहाही न सोडणारी डोरीन